दोन इंच माया

माणूस वकिलाशी खरं बोलतो, डॉक्टरशी अर्धं खरं बोलतो आणि टेलरशी साफ खोटं बोलतो. मिऱ्यावरच्या आमच्या घराच्या पडवीत मशीन मांडून मला सव्वीस वर्षं झाली, तेव्हा हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही. "योगिनी, जरा घट्टच शिव हां, मी आता बारीक होणार आहे," असं सांगून गेलेल्या बायकांपैकी खरोखर बारीक झालेली एकच मला आठवते, आणि तिला कावीळ झाली होती.

म्हणून मी माया ठेवते. ज्यांनी आयुष्यभर दुकानातून तयार कपडे आणले त्यांच्यासाठी सांगते. शिवणीच्या आत जो जादा कपडा दुमडून ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. बाहेरून ती दिसत नाही. उद्या अंग सुटलं की शिवण उसवायची, माया सोडायची, कपडा पुन्हा होतो. शेजारच्या हिरावहिनी मिरकरवाड्याला मासे विकतात. त्यांचं माप वीस वर्षं छत्तीस आहे. म्हणजे त्या सांगतात छत्तीस. माझी टेप दर वर्षी वेगळं सांगते, पण टेपेला कोण विचारतं? मी वहीत छत्तीस लिहिते, शिवताना आत भरपूर माया ठेवते आणि गप्प बसते. अशाने शेजार टिकतो.

खोटं माप सांगणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ मात्र पहिला येईल असं वाटलं नव्हतं.

सर्वेश माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आखातात हौशी लोकांना विमानातून उड्या मारायला मिळतात असं एक केंद्र आहे, तिथे तो नऊ वर्षं पॅराशूट घडी घालण्याचं काम करतो. लोक उडी मारून खाली येतात, विस्कटलेली छत्री ह्याच्यापुढे टाकतात आणि चहा प्यायला जातात. हा तिच्या दोऱ्या विंचरतो, कपडा घडी घालतो, दाबून पिशवीत बसवतो. वाडीत मी एवढंच सांगितलंय की तो छत्र्यांच्या कंपनीत आहे. त्यामुळे दर मे महिन्यात दोघंतिघं येऊन विचारतात, सर्वेशकडून एखादी मिळेल का, काळी, लांब दांड्याची.

घड्या घालून गप्प बसला असता तर प्रश्न नव्हता. पण तो स्वतः उड्या मारायला शिकला. चारशे उड्या झाल्या. एवढ्यावर भागेना म्हणून आता पंखांचा सूट. ह्या सुटात हात आणि अंग यांच्यामध्ये कपडा असतो, दोन पायांमध्ये कपडा असतो. माणूस विमानातून बाहेर पडतो, हात-पाय फाकवतो आणि पाकट मासा पाण्यातून जातो तसा हवेतून पुढे सरकत जातो. मग शेवटी छत्री उघडायची. ती शेवटची गोष्ट एवढी सोपी नाही, हे मला पुढे कळलं.

तिकडे उन्हाळ्यात उड्यांचं काम मंदावतं, म्हणून मे महिन्यात तो सुट्टीवर आला. आल्या आल्या आंब्यांना भिडला, आणि चौथ्या दिवशी तो सूट माझ्या मशीनवर आणून टाकला.

"ताई, कंबरेत दोन इंच सोडून दे. कापड आटलांय."

मी सूट उलटा केला. काय शिवण होती म्हणून सांगू! एकेक टाका सारखा, ताण पडेल तिथे दुहेरी पट्टी, कोपऱ्यांवर आडवे टाके. ज्याने कुणी शिवला त्याच्या नावाने मी साखर वाटली असती. पण आत बघितलं तर मायेचा पत्ता नाही. शिवणीपाशी कपडा कापून साफ केलेला.

"हे कापड आटायच्या जातीचं नाही," मी म्हटलं. "तू सुटलायस. आणि ह्यात सोडायला काही ठेवलेलंच नाही. ज्यांनी शिवला त्यांच्याकडेच पाठव. मी ह्याला सुईसुद्धा लावायची नाही. हिरावहिनीचा ब्लाऊज उसवला तर लाज जाते. हे उसवलं तर तू जाशील."

तो हसला. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला वरच्या सड्यावर, कातळाच्या मोकळ्या पठारावर घेऊन गेला. कातळ तापायच्या आत परतायचं होतं. खाली गोधड्या अंथरल्या आणि पाठीवरच्या पिशवीतून त्याने एकामागून एक दोन छत्र्या काढल्या. त्याची शिकवणारी बाई, मार्टा नावाची, साठीला आलेली. तिने दोन वापरलेल्या छत्र्या बरोबर दिल्या होत्या. घरी नीट बघ, पंखांच्या सुटासाठी एक निवड, दुसरी परत आण, असं सांगून.

पहिली नारंगी. उन्हात अशी झळकली की मी डोळ्यांवर हात धरला. टोकांना निमुळती, नऊ खणांची, दीडशे चौरस फूट. खण म्हणजे ते कप्पे हो, ज्यांत हवा भरते. मला आपले ब्लाऊजचे खण दिसायला लागले. दुसरी राखाडी, चौकोनी, सात खणांची, एकशे नव्वद चौरस फूट. रंग पावसात भिजलेल्या सिमेंटच्या पोत्यासारखा.

मी दोन्हींच्या शिवणी तपासल्या. दोन्ही धडधाकट.

"मग फरक काय?" मी विचारलं.

"नारंगी गाडी हाय. राखाडी बैलगाडी," सर्वेश म्हणाला. नारंगीवरून तो असा हात फिरवत होता की मला वाटलं आता हिचं नाव ठेवणार. "नोव्हेंबरात आमची सात जणांची रांग हाय आकाशात. ताई, आजवर मी त्या लोकांच्या छत्र्यांच्या घड्या घातल्या. आता पहिल्यांदा त्यांच्या बरोबरीने उडणार. आणि सगळ्यांकडे लहान छत्र्या हायत. ते सूं करून उतरणार आणि मी वर लोंबकळत ऱ्हाणार, वाळत घातलेल्या गोधडीसारखा."

"आणि मार्टाबाई काय म्हणते?"

"ती म्हणते, दोन्ही छान हायत."

मग त्याने नारंगी छत्री खांद्यावर घेतली, फोन माझ्या हातात दिला आणि फोटो काढ म्हणाला. मी फोटो काढायला फोन वर केला आणि नेमका मार्टाचाच मेसेज आला. इंग्रजी मला अडखळत येतं, पण हल्ली फोनलाच मराठी येतं. एक बटण दाबलं की झालं. फोनच्या मराठीत लिहिलं होतं ते असं:

"दोन्ही छान छते आहेत. परंतु पंखांसाठी कंटाळवाणे छत निवडा. तुमच्या पाठीवर मेलेली हवा बसते. ओळी पिळतात. तुमचे हात कपड्यात आहेत. लहान छत रागावते, मोठे छत वाट पाहते. आणि कृपया खरे वजन पाठवा. सत्तर किलो हे तुमच्या शाळेचे वजन आहे का?"

मी ते मोठ्याने वाचलं. सर्वेश नारंगी कपड्यात उभा होता, तसाच उभा राहिला.

"मेलेली हवा म्हणजे काय रे?"

मग नाइलाजाने त्याने सांगितलं. पंख पसरून माणूस पुढे जात असतो तेव्हा त्याच्या पाठीमागे हवेचा एक पोकळ खळगा तयार होतो. छत्री उघडायला निघते ती त्या खळग्यातून. तिथे ती डगमगते, कधी एका बाजूने आधी उघडते, आणि दोऱ्यांना पीळ पडतो. साध्या उडीत माणूस लगेच हात वर करून दोऱ्या फाकवतो. पण पंखांच्या सुटात हात कपड्यात अडकलेले. आधी हातांच्या चेन उघडायच्या, मग हात वर. तेवढ्या वेळात लहान, निमुळती छत्री एका अंगावर कलंडून गरगरायला लागते. मोठी, चौकोनी असेल ती पीळ पडलेला असतानाही बहुतेक सरळ चालत राहते.

"पण तां क्वचित होतां," तो म्हणाला.

"आणि सत्तर किलो?"

ह्यावर तो कातळाकडे बघायला लागला.

त्यांचा हिशेब साधा आहे. माणूस, सूट, छत्र्यांची पिशवी, सगळ्याचं मिळून वजन पौंडात मांडायचं आणि छत्रीच्या चौरस फुटांनी भागायचं. उत्तर एकच्या जवळ आलं तर उत्तम. सव्वाच्या वर गेलं तर मार्टाबाई पंखांच्या सुटाला परवानगी देत नाही. सत्तर किलोचा माणूस धरला तर नारंगीला उत्तर एक पूर्णांक दोन येत होतं. बसत होती, जेमतेम. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. हा अंथरुणासाठी पायच कापून दाखवत होता.

मी त्याला त्याच पावली, वाटेत घरून सूट उचलून, मिरकरवाड्याच्या जेटीवर नेलं. बाबूचा मासे तोलायचा काटा तिथे असतो, मोठा, टोपल्या ठेवायचा. सर्वेशला सूट घातला, पाठीवर पिशवी दिली आणि काट्यावर उभं केलं. लिलाव नुकता संपला होता, बघायला माणसांची कमी नव्हती.

बाबूने पंख उचलून खाली बघितलं. "बर्फ धरून तोलायचां की बर्फाशिवाय?"

काटा शहाण्णववर थांबला. मागून कुणीतरी भाव विचारला. सर्वेश कानापर्यंत लाल झाला. पिशवी आणि सूट मिळून बारा किलो, म्हणजे माणूस चौऱ्याऐंशीचा. मी तिथेच फोनवर भागाकार केला. नारंगीला एक पूर्णांक चार. राखाडीला एक पूर्णांक एक.

"झालं," मी म्हटलं. "राखाडी."

परतीच्या वाटेवर तो पंख सावरत पुढे पुढे चालला. घरी आल्यावर पंख गुंडाळून झोपाळ्यावर टाकले आणि माझ्याकडे वळला.

"तुला मी ढगळच बरा दिसतो ना?"

"काय?"

"शाळेत मला बोंगा म्हणायचे. ठाऊक हाय तुला? अंगापेक्षा बोंगा मोठा. पाचवीतला शर्ट तू आठवीच्या मापाने शिवलास. बाह्या चार वेळा दुमडायच्या. चड्डी सुतळीने बांधायची. मी कधी पळालो नाय शर्यतीत, का ठाऊक हाय? चड्डीत हवा भरायची. चौतीस वर्षांचा झालो, ताई. आता आकाशात तरी मापाचां घालू दे. तिथे पण तू माझा बोंगा करणार."

मला हे माहीत नव्हतं. खरं सांगते, माहीत नव्हतं. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी एकोणीस. बाबा बोटीवर. मी शिवण शिकत होते ती त्याच्याच कपड्यांवर. ढगळ शिवायचे कारण तो वाढणार होता, आणि वाढला तर कपडा कमी पडू नये, एवढीच माझी अक्कल होती. माया मी आत ठेवायला पुढे शिकले. त्याच्या वेळी सगळी बाहेरच लोंबत होती.

पण असं काही माझ्या तोंडून लवकर निघत नाही. मी म्हटलं, "पळाला नाहीस ते बरंच झालं, पडला असतास."

तो आत निघून गेला. संध्याकाळी जेवताना त्याने जाहीर केलं की तो नारंगीच घेणार. वजन तो कमी करील. नोव्हेंबरला सहा महिने आहेत. हे बोलताना त्याच्या ताटात तिसरा आंबा होता.

दोन दिवस आमचं बोलणं बंद. मला काही सुचेना. कापताना हिरावहिनीच्या ब्लाऊजची बाही उलटी कापली, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. डोळ्यांपुढे ते नारंगी कापड गरगरत होतं आणि त्याच्याखाली हात शिवून टाकलेला माझा भाऊ. मला भीती वाटत होती. रागावलेय असं नवऱ्यासकट सगळ्यांना वाटलं, कारण भीती वाटली की मी भांडी आपटते.

तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "चल, तुला दाखवतो. पीळ काढायला मला तीन सेकंद लागतात. तिथे आम्ही लोंबकळून सराव करतो."

मागच्या अंगणातल्या फणसाच्या फांदीला त्याने बोटीचे दोन दोर बांधले आणि पिशवीच्या खांद्यांच्या पट्ट्या त्यांना अडकवल्या. सूट घातला, हातांच्या चेन लावल्या, उलट्या घमेल्यावर उभं राहून मांड्यांचे पट्टे आवळले आणि मी घमेलं काढून घेतलं. पाय जमिनीपासून वीतभर वर. फांदीवर आधीपासून पाच फणस होते, हा सहावा.

"आता मला फिरव. दोरांना चार पीळ पडू देत. मग सोड. आणि मोज."

मी फिरवलं. चार पीळ पडले. सोडलं, आणि तो भोवऱ्यासारखा फिरायला लागला. मी मोजायला सुरुवात केली, मशीनच्या पायडलच्या ठेक्यात. एक. दोन. तीनला त्याचा डावा हात चेन शोधत होता. चारला सापडली. पाचला ती कपड्यात अडकली. आता पीळ सुटून उलट्या बाजूने पडायला लागले होते. सहा, सात. उजवा हात मोकळा झाला, पण त्याने फांदी धरायला बघितली आणि हाताशी फणस आला. आठ, नऊ. डावा हात. दहा. अकराला दोन्ही हात दोरांवर पोचले.

तो लोंबकळत धापा टाकत होता.

"अकरा," मी म्हटलं.

"चेन अडकली."

"वर अडकत नाही का?"

तो चेन खाली-वर करून बघायला लागला.

"सर्वेश, अकरा सेकंदांत नारंगी काय करील?"

नऊ वर्षं ज्याने छत्र्यांच्या घड्या घातल्या त्याला उत्तर माहीत नव्हतं असं नाही. पण तोंडातून निघायच्या आधी मागच्या दारातून हिरावहिनी आल्या. हातात ब्लाऊज, चेहऱ्यावर काळजी. झाडाला लटकलेल्या पंखवाल्या माणसाकडे त्यांनी एकदा बघितलं.

"ह्या काय गो? सर्वेशला टांगलंस कशाला? काय केलान त्याने?"

"काही नाही. माप घेत होते."

"बरां." बाईंनी जास्त चौकशी केली नाही. त्यांचं स्वतःचं संकट मोठं होतं. परवा त्यांच्या ऋतिकाचं लग्न. जरीच्या साडीवरचा ब्लाऊज त्यांनी आत्ता घालून बघितला, तर हूक आणि काज यांच्यामध्ये तीन बोटांचं अंतर. "तू घट्ट शिवलायस, योगिनी. माझां माप बदललां नाय."

"नाही ना. माझीच चूक," मी म्हटलं. "दहा मिनिटं बसा."

मी सर्वेशच्या पायाखाली घमेलं पुन्हा उलटं सरकवलं, त्याला टेकायला. मांड्यांचे पट्टे सोडायला दोघं लागतात आणि परवा लग्न असलेलं गिऱ्हाईक आधी. त्याने काहीतरी म्हटलं, मी लक्ष दिलं नाही. पडवीच्या मागच्या खिडकीतून मशीन दिसतं, त्यामुळे त्याला सगळं दिसत होतं. मी ब्लाऊज उलटा केला, दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या, आतली माया सोडली, पुन्हा शिवण मारली, इस्त्री फिरवली. हिरावहिनींनी आत जाऊन घातला. बाहेर आल्या त्या मोकळा श्वास घेत, सुखाने.

"बघ," त्या म्हणाल्या, "छत्तीसच हाय."

"छत्तीसच आहे," मी म्हटलं.

त्या गेल्यावर मी मागे आले. सर्वेश घमेल्यावर चवड्यांनी उभा होता, पंख खाली सोडून, ओल्या कावळ्यासारखा. बराच वेळ तो खिडकीकडेच बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "छत्री वर उसवता येत नाय."

"नाही."

"तिच्यात काय असेल नसेल तां आधीच पायजे."

"हो."

मी त्याच्या मांड्यांचे पट्टे सोडायला लागले. तेवढ्यात तो म्हणाला, "राखाडी घेतो. पण एक अट हाय. मला एक शर्ट शिवून दे. नारंगी. अंगाबरोबर. एक सूतसुद्धा ढगळ नको आणि आत माया नको. आयुष्यात एकदा मला मापाचा कपडा शिव. मशीनची शपथ घे."

मी मशीनची शपथ घेतली. मशीन साक्षीला खिडकीतच होतं.

शर्ट मी एका दिवसात शिवला. टेप अंगाला चिकटवून माप घेतलं, श्वास रोखू दिला नाही. असा बसला की मला स्वतःलाच कौतुक वाटलं. ऋतिकाच्या लग्नात तो नारंगी शर्ट मांडवभर हिंडला. वाडीतल्या पोरी वळून बघत होत्या, त्याच्या वर्गातला एक जण तर ओळखलंच नाही म्हणाला. पंगतीत मात्र तो बसला नाही. पोट पुढे आलं की तिसरं बटण तक्रार करत होतं. त्याने भिंतीला टेकून उभ्यानेच जेवण घेतलं आणि लोकांना सांगितलं की तिकडे अशीच पद्धत आहे.

जाताना बॅगेत दोन्ही छत्र्या आणि तो शर्ट. दारात मी म्हटलं, "राखाडी." तो म्हणाला, "राखाडी." मी गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत उभी राहिले आणि मग घरात येऊन सगळी भांडी घासली, स्वच्छ होती ती पण.

नोव्हेंबर गेला. सात जणांची रांग झाली असं त्याने कळवलं, फोटो पाठवले. फोटोत सगळे पंख पसरलेले, छत्र्या कुणाच्याच उघडलेल्या नाहीत, त्यामुळे रंग कळायला मार्ग नाही. विचारायचं धाडस मला झालं नाही. विचारलं आणि तो खोटं बोलला तर मला कळलं असतं, आणि कळायला नको होतं.

डिसेंबरात एके दुपारी एक व्हिडिओ आला. त्याच्या टोपीवरच्या कॅमेऱ्याने घेतलेला. आधी निळं आकाश आणि वाऱ्याचा घोंघाट. मग धक्का, चित्र हललं, आणि वर बघितलं तर सिमेंटच्या पोत्याच्या रंगाची छत्री. दोऱ्या मानेपासून वर एकमेकींत पिळलेल्या, वेणी घालावी तशा. त्याचा श्वास ऐकू येत होता. मी मोजायला लागले, पायडलच्या ठेक्यात. पाचला त्याने शिवी दिली. सातला एक चेन उघडली. दहापर्यंत दुसरी नाही. आणि तेवढा सगळा वेळ ती छत्री सरळ चालली होती, भाट्याच्या पुलावरून म्हातारी म्हैस जाते तशी, कुणी कितीही भोंगा वाजवो. चौदाला दोन्ही हात दोऱ्यांवर आले. त्याने पाय झाडले, वेणी सुटली, आणि खाली वाळवंट दिसायला लागलं, आडवं, शांत, जागच्या जागी.

फणसाच्या झाडावर अकरा झाले होते. इथे चौदा. मी मशीनवर डोकं ठेवलं आणि रडले. हिरावहिनी ब्लाऊज टाकायला आल्या होत्या, त्यांनी विचारलं काय झालं. मी सांगितलं, छत्री उघडली. त्या म्हणाल्या, बरां झालां, आणि पाऊस आहे का बघायला आभाळाकडे बघितलं.

जानेवारीत जयगडचा एक जण तिकडून सुट्टीवर आला, त्याच्याबरोबर सर्वेशने पार्सल पाठवलं. खजूर, माझ्या नवऱ्यासाठी एक टोपी, आणि तो नारंगी शर्ट. खिशात चिठ्ठी होती.

"ताई, शर्ट होत नाही. दोन्ही बाजूंनी दोन इंच सोडून पाठव. तुला एक सांगायचं राहिलं. राखाडी घेतो म्हणालो ते मी खोटं बोललो होतो. मार्टाला काहीतरी थाप मारून नारंगीच घ्यायची असं ठरवून निघालो होतो. इथे आल्यावर पहिल्या दिवशी शर्ट धुवायला उलटा केला आणि शिवण बघितली. आत दोन इंच माया ठेवलेली. मशीनची शपथ घेऊन. मी तसाच जाऊन नारंगी परत केली. वजनही खरं लिहिलं, चौऱ्याऐंशी. आता मला इथे बोंगा म्हणतात. मीच सांगितलं, म्हणा."

मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि मशीनकडे बघितलं. त्याने काही म्हटलं नाही. मग शर्ट उलटा करून दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या आणि टेप लावली.

दीड इंच सोडलं. अर्धा इंच आत ठेवला.